पुराभिलेख, अभिलेख आणि आपले दप्तर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या ठाणे पुरवणीत गेल्या आठवड्यात एका महाविद्यालयात सुरू होणाऱ्या अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमाची बातमी वाचली. जुनी कागदपत्रे कशी जतन करावीत, त्यांची वर्गवारी व सूची कशी करावी, कोणते कागद किती काळ ठेवावेत, हे या अभ्यासक्रमात शिकवले जाणार असल्याचे बातमीतल्या विषयांच्या यादीवरून स्पष्ट होते. मथळ्यात मात्र ‘पुराभिलेखशास्त्र’ असा शब्द आहे आणि पहिल्याच परिच्छेदात त्याचा अर्थ ‘शिलालेख व ताम्रपट वाचण्याचे शास्त्र’ असा दिला आहे. या चुकीचा दोष मी बातमीदाराला देत नाही. हा शब्द मराठीत दोन वेगळ्या विद्यांसाठी रुळला आहे आणि सामान्य वाचकाला त्यातला फरक कळावा अशी सोय कुणी करून ठेवलेली नाही. मी २९ वर्षे ठाणे जिल्ह्यातल्या एका शासकीय कार्यालयाच्या अभिलेख कक्षात काम केले आणि या शब्दामुळे होणारा घोळ तिथे जवळून पाहिला, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

विद्यापीठांच्या प्राचीन इतिहास विभागात ‘पुराभिलेखविद्या’ म्हटले की दगडावर, तांब्यावर किंवा नाण्यावर कोरलेल्या अक्षरांचा अभ्यास डोळ्यांपुढे येतो. ब्राह्मी कशी वाचायची, शक आणि संवत्सर कसे जुळवायचे, हा त्या विद्येचा प्रांत. आपल्या राज्य शासनाचे ‘पुराभिलेख संचालनालय’ मात्र कोरीव लेखांचे नाही, ते कागदांचे आहे. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना १८२१ मध्ये या संग्रहाचा आरंभ झाला, १८८८ पासून तो मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे आणि पुण्याचे पेशवे दफ्तर हाही त्याच संचालनालयाचा भाग आहे. तिथे रोजकिर्दी म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत, चिटणिशी रुमाल म्हणजे कापडात बांधलेले पत्रांचे गठ्ठे आहेत, मुंबई इलाख्याच्या सचिवालयाचे पत्रव्यवहार आहेत. शिलालेखांचा कारभार पुरातत्त्व खात्याकडे असतो. म्हणजे एकाच नावाची पाटी दोन दारांवर लावलेली आहे, आणि विद्यार्थी, वार्ताहर किंवा आपल्या आजोबांचा कागद शोधायला आलेला माणूस यांपैकी कोणीही चुकीच्या दारावर थाप मारू शकतो.

हा फरक ठाण्याच्याच एका वस्तूवरून दाखवता येईल. १७८७ मध्ये ठाण्यात खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा ताम्रपट सापडला. त्यावर शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७ चा उल्लेख आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या अगदी पहिल्या खंडात त्याचे भाषांतर छापले गेले, आणि ज्याला आपण ठाणे म्हणतो त्या ‘श्रीस्थानका’चा इतिहास अभ्यासकांसमोर येऊ लागला. कोरीव लेखांच्या अभ्यासकाला त्यातली अक्षरे, भाषा आणि राजवंश महत्त्वाचे वाटतात. पण ज्याला दान मिळाले त्याच्या घरी तो ताम्रपट हे जमिनीच्या हक्काचे दानपत्र होते. आज आपण खरेदीखत कपाटात जपतो तसाच तो जपला गेला असणार. पुढे केव्हातरी ती जपणूक तुटली, पट मातीखाली गेला आणि धातू टिकाऊ म्हणून कुदळीला लागेपर्यंत शिल्लक राहिला. कोरीव लेख आपल्यापर्यंत येतात ते बहुतेक असे, दगड-धातूच्या बळावर. कागद आपल्या बळावर तसा टिकत नाही. त्याला प्रत्येक पिढीत कोणीतरी बांधून, मोजून, वाळवी-कसरीपासून राखून पुढच्याच्या हाती द्यावा लागतो. या हातोहात चाललेल्या राखणीचे जे शास्त्र आहे, त्याला काय म्हणायचे हा माझ्या पत्राचा विषय आहे.

‘अभिलेख’ हा शब्द ‘लिख्’ धातूला ‘अभि’ हा उपसर्ग लागून झालेला आहे. मूळ संस्कृत वळणाने तो कोरीव मजकुरालाही लागतो आणि नोंदीलाही. हिंदीत अशोकाच्या शिलालेखांना अभिलेख म्हणतात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालाही ‘राष्ट्रीय अभिलेखागार’ म्हणतात. १८९१ मध्ये कलकत्त्यात ‘इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट’ म्हणून सुरू झालेल्या संस्थेचे स्वातंत्र्यानंतरचे हे नाव. मराठीत मात्र ‘अभिलेख’ हा कचेरीतला चालता-बोलता शब्द झाला. भूमी अभिलेख कार्यालयाची पायरी ठाणे जिल्ह्यातला कोणता जमीनधारक चढलेला नाही? अभिलेख कक्ष, अभिलेखपाल, महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५, या सर्व ठिकाणी अभिलेख म्हणजे सरकारी कामातून निर्माण झालेला कागद, मग तो शंभर वर्षांपूर्वीचा असो की कालचा. त्यातले जुने कागद वेगळे दाखवावेत म्हणून, बहुधा ‘पुरातत्त्व’च्या धर्तीवर, ‘पुरा’ जोडले गेले असावे. हेतू समजण्यासारखा आहे, पण माझ्या मते नुकसान याच ‘पुरा’ने केले आहे, कारण त्याने कागदाचे वय पुढे आणले आणि त्याचे नाते मागे टाकले.

आपल्या भाषेत या सर्वासाठी शिवकाळाच्याही आधीपासून ‘दफ्तर’ हा शब्द आहे. आपण बोलताना ‘दप्तर’ म्हणतो. तो फारसीतून आला, फारसीत आणि अरबीत तो ग्रीक ‘डिफ्थेरा’वरून आला असे मानले जाते, आणि डिफ्थेरा म्हणजे कमावलेले कातडे. इतिहासकार हेरोडोटस सांगतो की आयोनियातले ग्रीक लोक पपायरसच्या पुस्तकांनाही ‘कातडी’च म्हणत, कारण एके काळी पपायरस दुर्मीळ असताना ते शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत. घटसर्पाला डिफ्थेरिया हे नाव एकोणिसाव्या शतकात याच शब्दावरून पडले, कारण त्या रोगात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो. कातडे, मग त्यावरची वही, मग अशा वह्यांचा संग्रह, मग तो संग्रह जिथे ठेवायचा ती कचेरी, असा या शब्दाचा प्रवास झाला. आणि मराठीत तो आणखी एक पाऊल पुढे आला, मुलांच्या पाठीवर. माझ्या लहानपणी आमच्या आळीतली काही मुले पाटी-पुस्तके जुन्या लुगड्याच्या चौकोनी फडक्यात चार टोके गाठवून आणत. कचेरीतला रुमालही नेमका असाच बांधतात. शाळेच्या दप्तराला दप्तर हे नाव या बांधणीवरूनच मिळाले असावे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

या शब्दाच्या शेजारचे दोन शब्दही पाहण्यासारखे आहेत. ‘दिवाण’ आणि ‘डबीर’ (लेखनिक अधिकारी) हे दोन्ही जुन्या फारसी ‘दिपि’ या शब्दापर्यंत मागे जातात. दिपि म्हणजे लेख. वायव्येकडच्या शाहबाजगढीच्या शिलालेखात अशोकाने आपल्या लेखाला ‘दिपि’च म्हटले आहे, जिथे इतर ठिकाणच्या लेखांत ‘लिपि’ येते. दिपि बाळगणारा तो डबीर, आणि दिवाण म्हणजे मुळात लेख ठेवण्याची जागा. ज्याला आज दिवाणखाना म्हणून आपण पाहुण्यांना बसवतो, त्या शब्दाच्या पोटात कागदपत्रांचे कोठार आहे. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, त्यावरून फडणीस, चिटणीस, पारसनीस, सबनीस झाले. ‘करण’ म्हणजे लेखन-हिशेबाचे काम, त्यावरून कुलकर्णी झाले. नौपाड्यातल्या कोणत्याही जुन्या इमारतीच्या जिन्याखालची नावांची पाटी वाचली, तरी कागद राखणाऱ्यांची अशी चार-पाच आडनावे सहज सापडतात. ज्या भाषेने हे काम आडनावांत जपले, तिला या शास्त्रासाठी शब्द सापडू नये असे होणार नाही.

युरोपातल्या ‘आर्काइव्ह’ या शब्दाचा उगमही असाच कचेरीतला आहे. ग्रीक ‘आर्खेइऑन’ म्हणजे आर्खॉन या अधिकाऱ्याचे निवासस्थान किंवा कार्यालय. कागद तिथे राहत म्हणून जागेचे नाव कागदांना लागले. या शब्दातही जुनेपणाचा अर्थ मुळात नाही, आहे तो अधिकाराचा आणि ताब्याचा.

शास्त्राचा गाभाही याच अर्थाभोवती आहे. १८४१ मध्ये फ्रान्सच्या गृहखात्याने एक परिपत्रक काढले. नतालिस द वाई यांनी तयार केलेल्या त्या परिपत्रकात सांगितले होते की एका संस्थेचे, एका घराण्याचे किंवा एका व्यक्तीचे कागद एकत्रच ठेवावेत, विषयवार किंवा तारीखवार मिसळू नयेत. नंतर १८९८ मध्ये म्युलर, फाइथ आणि फ्रुइन या तीन डच दप्तरपालांनी १०० नियमांचे एक पुस्तक काढले, आणि कागद ज्या क्रमाने कचेरीत लागले होते तो क्रमही मोडू नये हे त्यात पक्के झाले. त्याच १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि सातारा जिल्ह्यातल्या वाई गावात मिळालेली पानिपतच्या काळातली पत्रे वाचकांपुढे ठेवली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही, तरी हा योगायोग मला फार जवळचा वाटतो. एकीकडे राखण्याचे नियम लिहिले जात होते आणि दुसरीकडे एक माणूस गावोगाव वाडे आणि माळे धुंडाळत कागद वाचवत होता.

आता मराठी शब्दाकडे पुन्हा पाहा. आपण ‘पेशवे दफ्तर’ म्हणतो, ‘आंग्रे दफ्तर’ म्हणतो, नाना फडणिसांच्या कागदांना ‘मेणवली दफ्तर’ म्हणतो. प्रत्येक नावात आधी येते ते कोणाचे किंवा कुठले, आणि मग दफ्तर. फ्रेंच परिपत्रकाला जे नियम म्हणून सांगावे लागले, ते आपल्या बोलण्यात नाव ठेवतानाच पाळले जात होते. ‘पुराभिलेख’ या शब्दात ही जागाच नाही. तो कागदाला ‘तू कोणाचा’ असे विचारत नाही, ‘तू किती जुना’ एवढेच विचारतो.

या चुकीच्या प्रश्नाने काय होते, ते मी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या कक्षात साफसफाईची मोहीम निघाली. कोठारात खारव्याच्या तांबड्या कापडातले बस्ते मांडणीवर ओळीने होते. कापड उन्हाने नव्हे तर नुसत्या वयाने विटलेले, गाठीवर पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर गावाचे नाव, साल आणि बस्त्यातल्या प्रकरणांचे क्रमांक. गाठ सोडली की वरच अनुक्रमणिकेचा कागद असे आणि खाली एकेक प्रकरण दोऱ्यात ओवलेले. वरून तोंडी सूचना आली की ‘पुराभिलेख’ वेगळे काढा, बाकीचे नियमाप्रमाणे निकाली काढा. नियम आपल्याकडे चांगले आहेत. अ वर्ग कायम, ब वर्ग ३० वर्षे, क वर्ग १० वर्षे, ड वर्ग एक वर्ष, आणि तो वर्ग प्रकरणाला लागतो, सुट्या पानाला नाही. पण ‘पुरा’ या शब्दाने माणसे पानांकडे पाहू लागली. जे मोडीत, जे पिवळे, ज्यावर जुना शिक्का, ते पान दोऱ्यातून ओढून एका पत्र्याच्या ट्रंकेत गेले. जे टंकलिखित, जे बॉलपेनचे, ते प्रकरण कधी ना कधी रद्दीत गेले. काम करणारी मुले मन लावून काम करत होती आणि आपण इतिहास वाचवतो आहोत असे त्यांना खरोखर वाटत होते. मी आक्षेप घेतला, तो लेखी घ्यायला हवा होता.

वर्ष-दीड वर्षाने बेलापूर पट्टीतल्या एका गावचे आगरी गृहस्थ आले. नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्या हजारो कुटुंबांपैकी त्यांचे एक. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेतल्या भूखंडासाठी त्यांना आपल्या आज्याचा वारसा सिद्ध करायचा होता आणि आज्याच्या काळात वारसाची चौकशी झाली होती हे त्यांना घरच्या सांगण्यावरून ठाऊक होते. शोधताना त्या ट्रंकेत मोडीतले एक वाटणीपत्र मिळाले. त्यात आज्याचे नाव होते. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात दोऱ्याचे भोक होते, भोकाभोवती टाचणीच्या गंजाचे तांबूस वर्तुळ होते आणि वर निळ्या शाईत कारकुनी हाताने ‘पान ७’ असे लिहिलेले होते. म्हणजे हे वाटणीपत्र एका चौकशीच्या नस्तीत सातवे पान म्हणून लागले होते. आधीच्या सहा पानांत अर्ज असणार, तलाठ्याचा अहवाल असणार, पंचांचे जबाब असणार आणि नंतर कुठेतरी निर्णय असणार. ती पाने जुनी दिसत नव्हती म्हणून गेली होती. सातव्या पानावर नाव होते, पण ते नाव याच कुटुंबाचे, हे सांगणारी पाने नव्हती. त्या गृहस्थांनी कागद दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहिला, मला मोडी वाचून दाखवायला सांगितले, मी वाचले. त्यापलीकडे मी त्यांच्यासाठी काही करू शकले नाही. त्या कागदाला आज कोणीही ‘पुराभिलेख’ म्हणेल. त्याच्या दप्तरातून तो बाहेर काढला गेल्यामुळे तो पुरावा मात्र राहिलेला नाही.

‘दप्तरविद्या’ किंवा ‘दप्तरशास्त्र’ असे म्हणावे, असे मी सुचवले की दोन आक्षेप येतात. पहिला असा की दप्तर म्हणजे आता शाळेची पिशवी किंवा दिरंगाई. हे खरे आहे, दप्तर दिरंगाई हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. पण ‘दप्तरी दाखल’ हाही शब्दप्रयोग आजही टिपणीत लिहिला जातो आणि शिपायापासून सचिवापर्यंत सर्वांना तो कळतो. शास्त्राच्या नावाने शब्दाचा जुना अर्थ पुन्हा उजळ होईल, जसा ‘ग्रंथपाल’ या शब्दाने ग्रंथालयाच्या कामाला मान मिळवून दिला. दुसरा आक्षेप शब्द परका असल्याचा. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून सुरनिसाचा सचिव आणि डबीराचा सुमंत केला, याचा दाखला दिला जातो. दाखला योग्य आहे, पण महाराजांचे लेखन सांभाळणारे बाळाजी आवजी चिटणीसच राहिले, हेही त्याच काळातले आहे. साडेतीनशे वर्षे मराठी माणसाच्या आडनावात, शाळेत आणि कचेरीत वावरलेला शब्द परका राहत नाही. ज्यांना तरीही संस्कृत वळणाचे नाव हवे असेल, त्यांनी ‘अभिलेखशास्त्र’ म्हणावे. अर्थशास्त्रात कौटिल्याने निबंधपुस्तके, म्हणजे नोंदवह्या, ठेवण्याच्या जागेसह बांधायला सांगितलेल्या कार्यालयाला ‘अक्षपटल’ म्हटले आहे, आणि तो शब्द मला मनापासून आवडतो, पण तो आज कोणाला कळणार नाही. कोणताही पर्याय घ्यावा, त्यात ‘पुरा’ नसावा एवढीच माझी विनंती आहे. कागद दप्तरात येतो तो ज्या दिवशी लिहिला जातो त्या दिवशी, आणि त्याचे काय करायचे हे शास्त्र त्याच दिवसापासून सांगू लागते. महापालिकेत आज सकाळी नोंदवला गेलेला जन्मदाखलाही या शास्त्राच्या कक्षेत आहे.

शासनाच्या खात्याचे नाव बदलावे अशी माझी मागणी नाही. तो शब्द पाटीवर, शिक्क्यावर आणि सेवापुस्तकांत बसलेला आहे. पण अभ्यासक्रमांची नावे आता ठेवली जात आहेत आणि बातम्या रोज लिहिल्या जात आहेत. आपल्याला शक्य झाल्यास, त्या बातमीबद्दल दोन ओळींचा खुलासा छापावा: सदर अभ्यासक्रम कागदपत्रांच्या जतनाचा आहे, शिलालेख वाचनाचा नाही. प्रवेशाची मुदत अजून संपलेली नसेल तर हे लवकर छापले जाणे बरे, कारण कचेऱ्यांतून, ग्रंथालयांतून, सहकारी संस्थांतून काम करणारी जी मंडळी या अभ्यासक्रमाला जायला हवीत, ती ‘हे ब्राह्मी शिकणाऱ्यांसाठी आहे’ असे समजून घरी बसली असतील. माझ्या जुन्या कक्षातल्या दोघीजणींनी तसे समजून अर्ज भरला नव्हता. मी त्यांना फोन करून सांगितले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अभिलेखपाल,
चरई, ठाणे